वजन नसलेल्या शरीराचं गणित

संग्रामपूर तालुक्यात कुणाच्या घरी गेलं की पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि त्याच्यासोबत बहुधा एक वाक्यही येतं: "हे वानचं पाणी आहे, बोअरचं नाही." वान ही इथली नदी. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णेचं खोरं अशा या मुलखाचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारट आहे, आणि किडनीच्या आजाराची तक्रार इथे जुनी आहे. मुतखडा, क्रिएटिनिन, डायलिसिस हे शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. त्यामुळे अंतराळवीरांच्या प्रकृतीविषयी वाचताना एका गोष्टीवर माझी नजर थबकली. मंगळावर माणूस पाठवण्याची तयारी करणाऱ्यांना ज्या आजारांचा घोर लागला आहे, त्यांत मुतखडा आहे. आणि तिथे तो होईल की नाही, झालाच तर किती मोठा होईल, हे आधीच कळावं म्हणून शास्त्रज्ञ कॉम्प्युटरमध्ये किडनीचं गणित मांडतात.

ते गणित कसं मांडतात, कुठे जमतं आणि कुठे फसतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

वजन जातं म्हणजे नेमकं काय होतं

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. तरीही माणूस तरंगतो, कारण स्थानक आणि त्यातली माणसं सगळीच सोबत पडत असतात. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं पुढे जाता जाता ती पडतात, म्हणून पृथ्वीवर आदळत नाहीत, तिच्याभोवती फिरत राहतात.

हे घरच्या अंगणात बघता येतं. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी खिळ्यानं भोक पाडा, बोट लावून पाणी भरा आणि बोट काढा. धार लागेल. आता तीच बाटली, झाकण उघडं ठेवून, गच्चीवरून खाली सोडा. पडत असेपर्यंत धार थांबते. भोक तसंच असतं, पाणीही तसंच असतं, पण पाण्याचा भार बाटलीच्या तळावर पडत नाही, म्हणून ते बाहेर ढकललं जात नाही. अंतराळवीराच्या शरीरातल्या रक्ताची गत या बाटलीतल्या पाण्यासारखी असते. फक्त त्याचं पडणं काही महिने चालतं.

माणसं थोडी, प्रश्न फार

आजवर अंतराळात जाऊन आलेली माणसं सहाशेच्या आसपास, थोडी वर. त्यांतही वर्षभर सलग राहिलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील. सर्वांत लांब सलग मुक्काम रशियाच्या व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा, १९९४-९५ मधला ४३७ दिवसांचा. मंगळाला जाऊन यायला अडीच ते तीन वर्षं लागतील. इतका काळ सलग वजनाशिवाय किंवा कमी वजनात कुणीच राहिलेलं नाही. एखादं औषध चांगलं की वाईट हे ठरवायला हजारो रुग्णांची नोंद लागते, तिथे इथे दहा-वीस जणांवर निष्कर्ष काढायची वेळ येते. शिवाय प्रत्येकाचं शरीर वेगळं.

जमिनीवर यावर एक उपाय केला जातो. धडधाकट स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू ६ अंशांनी खाली असलेल्या खाटेवर महिना-दोन महिने निजवून ठेवतात. जेवण, आंघोळ, सगळं आडवं राहूनच. जर्मनीतल्या कोलोनमध्ये असे अभ्यास होतात. त्यानं रक्त डोक्याकडे सरकतं, स्नायू आणि हाडं झिजतात, पण वजन काही जात नाही, ते पाठीवर येतं. म्हणून तिसरा मार्ग: शरीराचे नियम समीकरणांत लिहायचे, सोबत पडणाऱ्या शरीराला ओढ जाणवत नाही म्हणून त्यांतलं गुरुत्वाकर्षण शून्य धरायचं आणि कॉम्प्युटरला पुढचं गणित करू द्यायचं. यालाच मॉडेल म्हणतात.

टाक्या, नळ आणि एक मोठा तक्ता

या कामाचे मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीचे डॉ. आर्थर गायटन. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला हे नाव सांगावं लागत नाही. शरीरक्रियाशास्त्राचा त्यांचा जाडजूड ग्रंथ अकोल्यापासून मुंबईपर्यंतच्या मेडिकल कॉलेजांत पिढ्यानपिढ्या वाचला जातो. त्यांना सर्जन व्हायचं होतं, पण पोलिओनं हात-पाय अधू झाले आणि ते संशोधनाकडे वळले. १९७२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रक्ताभिसरणाचा एक अवाढव्य तक्ता प्रसिद्ध केला. साडेतीनशेच्या वर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक समीकरण, आणि एकीचं उत्तर दुसरीत जाणारं. किडनी किती पाणी गाळते, त्यानं रक्त किती राहतं, त्यानं दाब किती होतो, त्या दाबानं पुन्हा किडनी किती गाळते, असं ते वर्तुळ. त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम पुढे वाढवलं. आज त्याच्या वारसदार मॉडेलमध्ये हजारो राशी आहेत आणि नासाच्या 'डिजिटल अंतराळवीर' प्रकल्पातही त्याचा उपयोग झाला.

यात गुरुत्वाकर्षण कुठे येतं ते पाहू. गावातली पाण्याची उंच टाकी आठवा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. शरीरातही तसंच. उभ्या माणसाच्या हृदयापासून पावलापर्यंत रक्ताचा स्तंभ साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा असतो. रक्ताची घनता, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की त्या स्तंभाचा दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका निघतो. हृदयाजवळ सरासरी दाब ९५ असेल तर पावलाच्या धमनीत तो १८५ च्या घरात जातो आणि मेंदूशी ७० च्या आसपास उतरतो. शरीर जन्मभर या फरकाशी जुळवून घेतं: पायाच्या शिरा आवळून धरतं, रक्त वर ढकलतं.

आता समीकरणात गुरुत्वाकर्षणाच्या जागी शून्य लिहा. गुणाकारच शून्य. पाऊल, हृदय, मेंदू, सगळीकडे जवळपास सारखा दाब. पण वर ढकलण्याची शरीराची सवय लगेच सुटत नाही. त्यामुळे पायांतलं दीड-दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काडीसारखे होतात. शरीराला वाटतं पाणी फार झालं. काही दिवसांत रक्तातला पातळ भाग १० ते १५ टक्क्यांनी कमी होतो. तिथे त्यानं काही बिघडत नाही, बिघडतं ते परतल्यावर. पुन्हा उभं राहताच रक्त पायांत उतरतं, आणि ते आधीच कमी असल्यानं भोवळ येते. म्हणून स्पेस शटलच्या काळात उतरण्याच्या थोडं आधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या आणि लिटरभर पाणी घेत. खारपाणपट्ट्यात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला खारं पाणी मुद्दाम पिण्याची ही गोष्ट विसरणं कठीण आहे.

जिथे अंदाज चुकला

रक्त छातीकडे सरकतं तर हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब वाढायला हवा. असं सगळ्यांनाच वाटत होतं. जून १९९१ मध्ये 'कोलंबिया' यानातून गेलेले डॉ. ड्रू गॅफ्नी यांनी हे पडताळून पाहायचं ठरवलं. उड्डाणाआधीच त्यांच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाजवळपर्यंत सरकवून ठेवली होती आणि ती घेऊनच ते अंतराळात गेले. वजनरहित अवस्था सुरू झाली आणि दाब वाढण्याऐवजी घसरला. नंतरच्या मोहिमांतही तेच दिसलं. गंमत अशी की हृदय मात्र जास्त भरलेलं होतं.

दाब कमी आणि भरणा जास्त, हे कसं? उत्तर छातीच्या पिंजऱ्यात होतं. जमिनीवर छातीच्या भिंतीचं, पोटातल्या अवयवांचं, आजूबाजूच्या मांसाचं वजन हृदयावर बाहेरून दाब देत असतं. अंतराळात ते वजनही जातं, छाती फुलते, आणि बाहेरचा दाब शिरेतल्या दाबापेक्षा जास्त घसरतो. फुग्याच्या आतली हवा थोडी कमी केली पण बाहेरची त्याहून जास्त काढून घेतली, तर फुगा मोठाच होईल. जुन्या हिशेबात रक्ताचं वजन धरलं होतं, मांसाचं धरलं नव्हतं. ते घातल्यावर आकडे जुळले.

मला मॉडेलचं खरं मोल इथे दिसतं. नुसत्या शब्दांत 'रक्त वर जातं, दाब वाढतो' असं म्हणून सुटका होते. समीकरणात मात्र काय धरलं आणि काय सोडलं ते कागदावर लिहावं लागतं. मग मोजमाप आलं की चूक नेमकी कुठे आहे ते शोधता येतं.

मुतखड्याचं गणित

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. हाडांवर भार पडेनासा झाला की शरीर त्यांची जुळवाजुळव थांबवतं. हाड पोखरणाऱ्या पेशी काम करत राहतात, बांधणाऱ्या मागे पडतात. सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. १९७३-७४ मध्ये 'स्कायलॅब' स्थानकावर तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. त्यांनी खाल्लेला प्रत्येक घास तोलला गेला आणि लघवीचीही काटेकोर मोजणी झाली. लघवीतलं कॅल्शियम वाढल्याचं त्या नोंदींत स्पष्ट दिसलं. इतक्या चिकाटीनं गोळा केलेली ती आकडेवारी पुढच्या अनेक मॉडेलांचा पाया ठरली.

त्यात आणखी भर पडते. अंतराळात तहान कमी लागते, लघवी कमी आणि दाट होते. खडे होण्यापासून वाचवणारं सायट्रेट नावाचं द्रव्यही घटतं. १९८२ मध्ये एका सोव्हिएत अंतराळवीराला स्थानकावरच मुतखड्यासारख्या वेदना झाल्या होत्या. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर असताना परत आणता येतं. मंगळाच्या अर्ध्या वाटेवर तसं करता येणार नाही.

खडा कसा धरतो हे स्वयंपाकघरात दिसतं. साखरेचा पाक घट्ट झाला आणि तसाच राहिला की कडेला कण धरतात, मग त्या कणांवर कण चढतात. म्हणून पाकात लिंबाचे थेंब टाकतात. लघवीतही आधी द्रावण गरजेपेक्षा दाट होतं, मग कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म कण जन्मतात, वाढतात, एकमेकांना चिकटतात. इथे सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. पाकातल्या लिंबाचं रसायन वेगळं आहे, पण काम तसंच.

नासाच्या क्लीव्हलँड इथल्या ग्लेन संशोधन केंद्राशी संबंधित मोहम्मद कासेमी आणि डेव्हिड थॉम्प्सन यांनी २०१६ मध्ये याचं मॉडेल मांडलं. त्यांनी किडनीतल्या कणांची जणू खानेसुमारी केली: या क्षणी अमुक आकाराचे कण किती, त्यांतले किती वाढून पुढच्या आकारात गेले, किती चिकटून एक झाले, किती लघवीसोबत वाहून गेले. बारीक कण वाहून जातो. तो नळीत अडकण्याइतका मोठा होतो का, हाच खरा प्रश्न. मॉडेलमध्ये लघवीतलं कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट आणि पाण्याचं प्रमाण घालायचं. जमिनीवरचा निरोगी माणूस, जमिनीवरचा मुतखड्याचा रुग्ण आणि अंतराळवीर, असे सगळे त्याच समीकरणांतून काढता येतात. पाणी वाढवलं किंवा सायट्रेट वाढवलं की कण लहान राहतात, हे त्यातून आकड्यांत दिसलं. त्याआधी, २००९ मध्ये, लांब मोहिमांवरच्या अंतराळवीरांना पोटॅशियम सायट्रेट दिल्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले होते, आणि त्यांतही मुतखड्याचा धोका घटलेला दिसला होता.

हे वाचताना डोळ्यांपुढे येतो तो मे महिन्यात रानात राबणारा माणूस. घाम वाहतो, पाणी कमी मिळतं, लघवी दाट होते. अंतराळवीरासाठी लिहिलेलं समीकरण त्याच्याही किडनीला तसंच लागू पडतं. फक्त आकडे बदलायचे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: खारपाणपट्ट्यात जो दीर्घकाळचा किडनीविकार आढळतो, तो आणि मुतखडा हे दोन वेगळे आजार आहेत. त्या विकाराची कारणं शोधायला पाणी, औषधं, मधुमेह, रक्तदाब, उष्णता या सगळ्यांचा हिशेब करावा लागेल. एका मॉडेलवरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही.

पण किडनीही बदलते

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात एक गृहीत होतं: हाडातून कॅल्शियम येतं आणि किडनी बिचारी ते नुसतं बाहेर टाकते. जून २०२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे कीथ स्यू आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटानं या गृहीताला धक्का दिला. माणसांचे आणि उंदरांचे अनेक मोहिमांतले नमुने तपासल्यावर त्यांना दिसलं की अंतराळात किडनी स्वतःच क्षार हाताळण्याची पद्धत बदलते, आणि तिच्या सूक्ष्म नलिकांची रचनाही महिन्याभरात बदलू लागते. म्हणजे मुतखड्याला हाडांची झीज हे एकच कारण धरून चालणार नाही. गॅफ्नींच्या नळीनं जसं छातीच्या मॉडेलमधलं राहिलेलं उघड केलं, तसंच हे किडनीच्या बाबतीत झालं. आता समीकरणांत नव्या चौकटी घालाव्या लागतील.

हाड आणि व्यायाम

व्यायाम पुरेसा नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता अंतराळात महिन्याला १ ते दीड टक्क्यानं घटते. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीचं जमिनीवर साधारण वर्षभरात जितकं घटतं, तितकं तिथे एका महिन्यात. वजन नाही तर डंबेल उचलून फायदा काय? म्हणून २००८ मध्ये स्थानकावर व्यायामाचं एक यंत्र बसवलं. ते निर्वात नळकांड्यांच्या साहाय्यानं सुमारे २७० किलोपर्यंत ओढ देतं. या यंत्रावर उठाबशा काढताना गुडघ्यावर, कमरेवर, मणक्यावर नेमका किती भार येतो, तो जमिनीवरच्या उठाबशांइतका आहे का, हे कॉम्प्युटरमधल्या सांगाड्यावर आणि स्नायूंवर तपासलं गेलं.

औषधांच्या पेटीत काय ठेवावं

शेगावहून पंढरपूरला दिंडी निघते तेव्हा सोबतच्या औषधपेटीत काय असावं हे अनुभवानं ठरतं. मंगळाच्या दिंडीचा अनुभव कुणालाच नाही. नासानं त्यासाठी वेगळ्या जातीचं मॉडेल केलं. सुमारे १०० आजारांची यादी, प्रत्येकाची शक्यता, त्यावर लागणारं औषध आणि जागा. मग तीच मोहीम कॉम्प्युटरवर हजारो वेळा चालवायची, दर वेळी फासे वेगळे. कोणत्या पेटीनं सर्वांत जास्त वेळा निभावलं ते पाहायचं. त्या यादीत मुतखडाही आहे.

आपल्याकडे

जून-जुलै २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर अठरा दिवस राहून आले. त्यांनी केलेल्या भारतीय प्रयोगांत स्नायूंच्या पेशी वजनाशिवाय कशा वाढतात हाही एक होता. परतल्यावर हातातला मोबाइल जड वाटला आणि लॅपटॉप हवेत तरंगेल या सवयीनं पलंगाशेजारी सोडून दिला, असं त्यांनीच सांगितलं आहे. जाणं-येणं धरून अवघ्या वीस दिवसांत मेंदू इतका बदलतो. गगनयान मोहिमेत तीन जणांना ४०० किलोमीटरवर तीन दिवस नेण्याचं ठरलं आहे. पुढे भारताचं स्वतःचं स्थानक झालं तर आपल्या अंतराळवीरांच्या शरीराचं मॉडेल आपल्यालाच करावं लागेल. आपला आहार, आपली हाडं, आपल्या किडन्यांचे आकडे परदेशी तक्त्यांत पुरेसे नाहीत.

त्यासाठी मोठ्या यंत्रांची कमतरता नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम ८०००' महासंगणक उभा करणारे डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. गळ्यातल्या शिरेत रक्त कसं घोटाळतं याचं बारीक गणित करायला तशी ताकद लागते. २०१९ च्या एका अभ्यासात ११ पैकी ६ अंतराळवीरांच्या गळ्याच्या शिरेत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहताना आढळलं होतं, म्हणून तो विषय तातडीचा झाला आहे. पण बाकी बरंच काम साध्या लॅपटॉपवर होतं.

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा संग्रामपूरच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी म्हणून एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं 'ओपनसिम' हे सांगाडा आणि स्नायूंच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्याच्या मॉडेलच्या फाइलमध्ये गुरुत्वाकर्षणाची एक ओळ असते. तिथे उणे ९.८०६६५ असा आकडा असतो. तो खोडून शून्य लिहा, माणूस चालवून बघा, आणि जे दिसेल ते वहीत टिपून ठेवा.